पहिल्या उधाणाआधी उघाडी तपासा: ठाणे खाडीपट्ट्यातील भात उत्पादकांसाठी खरीपपूर्व सल्ला

ठाणे आणि उल्हास खाडीच्या काठाला भिवंडी तालुक्यात आणि दिवा-मुंब्रा परिसरात जी खार जमीन अजून भाताखाली उरली आहे, तिच्या मालकांसाठी हा सल्ला आहे. मृग लागण्यापूर्वी त्यांनी बियाणे, खत आणि मजूर यांच्याही आधी एका गोष्टीकडे पाहावे, ती म्हणजे आपल्या बंदिस्तीची, म्हणजे खाडीचे पाणी अडवणाऱ्या बांधाची, उघाडी (बांधातली दार असलेली मोरी). या पट्ट्यात पूर्ण पीक हातचे जाताना मी जेव्हा जेव्हा पाहिले आहे, तेव्हा त्यामागे रोग किंवा कीड क्वचितच होती. बहुतेक वेळा उघाडीचे दार नीट मिटले नव्हते आणि एका भरतीत खाडीचे पाणी आत शिरले होते.

ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार बाहेर उघडते आणि पावसाचे पाणी निघून जाते, तर भरतीच्या वेळी बाहेरचे पाणी तेच दार दाबून बंद करते. त्यामुळे दाराच्या फटीत एक फांदी, गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा गोळा अडकला, तरी भरतीचे सगळे तास खारे पाणी आत येत राहते. उल्हास नदीतून वाहून येणारी जलपर्णी आणि शहरांचा कचरा यांमुळे हे अडकणे आता नेहमीचे झाले आहे; वर्षातून एकदा दार साफ करण्याची जुनी सवय पुरत नाही. काही ठिकाणी कोळंबी आणि बोय आत घेण्यासाठी दाराला मुद्दाम टेकू दिला जातो व तो पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो. मासेमारीचा हक्क कोणाकडेही असो, मे महिन्याच्या अखेरीस हा टेकू निघालाच पाहिजे, आणि हे काम एका घराच्या भिडेपोटी अडून राहत असेल तर ग्रामसभेत विषय घेऊन लेखी ठराव करावा.

उधाणाचे दिवस आधीच ठाऊक असतात, म्हणून या नुकसानीला अचानक आलेली आपत्ती म्हणणे मला पटत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत मोठी असते, आणि मुंबई किनाऱ्यावर पावसाळ्यातील साडेचार मीटरपेक्षा उंच भरत्या साधारणपणे भर दुपारी येतात. खाडीच्या आतल्या टोकाला त्या थोड्या उशिरा पोहोचतात. भरतीचे वेळापत्रक घेऊन जून ते सप्टेंबरमधील हे दिवस घरातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत, आणि त्या प्रत्येक दिवशी भरतीपूर्वी एका माणसाने उघाडीवर जाऊन दार हाताने हलवून पाहावे. त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर धोका दुहेरी असतो, कारण दार बंद असताना आतले पाणी तुंबते आणि बांध आतून भिजून सैल होतो.

बांधाची पाहणीही याच फेरीत करावी. चिंबोऱ्यांची बिळे, आतल्या उतारावर सकाळी दिसणारा ओला पट्टा आणि उन्हात वर आलेली पांढरी खार ही खांड पडण्याची, म्हणजे बांध फुटण्याची, पूर्वसूचना समजावी. माझा शेतातला अंदाज असा आहे की बांधाच्या आतल्या पायथ्याशी गवत एकाच ठिकाणी पिवळे पडले असेल, तर तेथे आतून पाझर सुरू झालेला असतो. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, तरी अशा जागी खणून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बीळ वरून मातीने बुजवणे निरुपयोगी आहे. ते तळापर्यंत मोकळे करून चिकणमातीचे गोळे थराथराने ठोकून भरावे लागते.

आता जबाबदारीचा प्रश्न. शिलोत्र या खार जमिनीच्या जुन्या धारणा पद्धतीच्या काळात बांधाची देखभाल शिलोत्रदाराकडे असे आणि कुळे त्यासाठी वेगळा वाटा देत. 1948 च्या खार जमीन कायद्यानंतर आणि पुढे 1979 च्या महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियमानंतर हे काम शासनाच्या योजनांकडे आले. ज्या बंदिस्ती शासकीय योजनेत आहेत त्यांची दुरुस्ती खारभूमी विभागाने करायची आहे, आणि ज्या खासगी आहेत त्यांची शेतकऱ्यांनी. गावात अनेकांना आपली बंदिस्ती कोणत्या यादीत आहे हेच माहीत नसते, त्यामुळे सगळेजण सरकारची वाट पाहतात आणि सरकारच्या दप्तरी ती खासगी निघते. ही चौकशी तलाठ्याकडे तोंडी करून थांबू नये. खारभूमी विभागाच्या कार्यालयात अर्ज देऊन तारखेची पोच घ्यावी. शासकीय योजना असेल तर उघाडीचे छायाचित्र, गट क्रमांक आणि बाधित होऊ शकणाऱ्या खातेदारांच्या सह्या अर्जाला जोडाव्यात. एकट्याच्या अर्जापेक्षा चाळीस सह्यांच्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते.

बांधालगत कांदळवन असेल तर त्याला हात लावू नये. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनाच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली आहे, आणि तसेही ही झाडे लाटेचा मार बांधापर्यंत येऊ देत नाहीत. त्याउलट शेजारच्या जमिनीवर गोदामासाठी किंवा चाळीसाठी रातोरात राडारोड्याचा भराव पडत असेल, तर त्याची तक्रार तहसीलदारांकडे भराव सुरू असतानाच करावी. भरावाने नाळ, म्हणजे पाणी वाहून नेणारा ओहळ, बुजली की तिचे पाणी आपल्या खाचरात वळते, आणि पावसाळ्यात तो उपसून काढायला कोणीही येत नाही.

खारे पाणी एकदा आत आले की दुकानदार दारात येतो. जमिनीतील खार ओढून घेणाऱ्या बाटल्या, ह्युमिक द्रावणे आणि गोण्यांनी जिप्सम घेण्याचा आग्रह होतो. आपल्या किनाऱ्यावरील खार जमिनीत मुख्यतः पाण्यात विरघळणारे मीठ असते, आणि ते धुऊन काढायला पावसाइतके स्वस्त साधन नाही. ठाणे जिल्ह्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जिप्सम हे चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या, जमिनीचे औषध आहे, त्यामुळे माती परीक्षणात विनिमययोग्य सोडियम जास्त निघाल्याशिवाय त्यावर पैसा घालू नये. खाचरात वीतभर पावसाचे पाणी दोन-तीन दिवस कोंडून ओहोटीला उघाडीतून सोडावे, आणि हे तीनदा तरी करावे. माती परीक्षणातील संपृक्त अर्काची क्षारता (मिठाचे प्रमाण) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे असेल तर आणखी एक-दोन वेळा धुवावे. हे सर्व उघाडी शाबूत असेल तरच साधते, नाहीतर धुतलेले मीठ पुढच्या उधाणाला परत येते.

नेहमीची कामे पुढीलप्रमाणे:

- वाण: पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 (पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे).
- बियाणे: 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, तरंगणारे काढणे, स्वच्छ पाण्याने धुणे.
- बीजप्रक्रिया: थायरम 2.5 ते 3 ग्रॅम प्रति किलो.
- पेरणी: सखल भागात रहू (मोड आलेले बियाणे फेकून पेरणे), इतरत्र रोपे 25 दिवसांची, चुडात 3 ते 4.
- खत: नत्र, स्फुरद, पालाश 100:50:50 किलो प्रति हेक्टर; नत्र विभागून.

पीक विम्याविषयी एवढेच लक्षात ठेवावे. एक रुपयाचा विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला असून शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आहे. भातशेतात पाणी साचून होणारे नुकसान 2018 पासून वैयक्तिक दाव्यातून वगळलेले होते. ते 2026 च्या खरिपापासून पुन्हा घेण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. आपल्या महसूल मंडळासाठी नेमकी कोणती जोखीम समाविष्ट आहे, आणि खाडीचे पाणी तिच्यात धरले जाते का, हे तालुका कृषी कार्यालयात हप्ता भरण्यापूर्वी विचारावे. ई-पीक पाहणीत भाताची नोंद नसेल तर नुकसानीनंतरची प्रत्येक खिडकी अवघड होते.

बांध फुटलाच, तर त्याच ओहोटीला खांड बुजवायला लागावे, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने बुजवण्यापूर्वीच्या खांडीची व बुडालेल्या खाचरांची छायाचित्रे काढावीत. विम्याची सूचना 72 तासांच्या आत द्यावी. शासकीय मदतीसाठी 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान पंचनाम्यात यावे लागते, म्हणून तलाठी आणि कृषी सहायक पाहणीला येतील तेव्हा शेतावर स्वतः हजर राहावे, आणि पंचनाम्यात गट क्रमांकासोबत उघाडीची स्थिती व पूर्वी दिलेल्या अर्जाच्या पोचेची तारीखही नोंदवून घ्यावी.