जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप घ्यायची असेल तर

सगळ्यात आधी चेसिस नंबर. इंजिनला सेल्फ मारण्याआधी, भाव विचारण्याआधी. गाडी रावेरच्या केळीच्या मळ्यात उभी असो की शिरपूरच्या जिनिंगच्या आवारात, खाली वाकायचं, तारेच्या ब्रशने माती-गंज काढायचा आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवायचा. बोनेटखालच्या प्लेटवर विसंबू नका, ती कोणीही बदलू शकतो. नंबरवर कागद धरून पेन्सिलीने छाप घ्या, फोटो काढा, घरी ठेवा. मागच्या गाडीच्या वेळी माझं हेच राहिलं. वेल्डरचा ग्राइंडर त्यावरून फिरला आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर दाखवायला नंबरच उरला नाही.

आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघा. कर्ज एखाद्या बंद पडलेल्या पतसंस्थेचं असेल तर बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही कोणाची घेणार? मूळ मालक वारला असेल तर गाडी नावावर करायला वारसाला फॉर्म ३१ भरावा लागतो. भावाभावांत वाद असला तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त मिळो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. २० वर्षांवरच्या चारचाकीला ही फी २०२५ पासून १०,००० रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत कधीच उलटली असेल तर उशिराचा भुर्दंडही. हे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा, उरले त्यात गाडी.

इंजिन २११२ सीसीचं प्युजो डिझेल. गरम झालं की ऑइलचं झाकण उघडा. धूर फकफक बाहेर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या बाजूने दाब खाली गळतोय, सिलिंडरच्या बोअरचं काम निघणार. रेडिएटर मात्र कोणी काहीही सांगो, उतरवून साफ कराच, गरज पडली तर कोअर बदला. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, तिथे अर्धा तुंबलेला रेडिएटर टिकत नाही. इंजिनचं हेड तापून वाकलं की बजेट तिथेच संपलं.

फोर व्हील चालते, असं प्रत्येक विकणारा सांगतो. नांगरलेल्या शेतात न्या, पुढचे हब लॉक करा, फोर व्हीलचा दांडा टाका आणि पुढची चाकं माती ओढतात का ते बाहेर उभं राहून बघा. कोरड्या डांबरावर ही परीक्षा घेऊ नका, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. व्हील बेअरिंग घट्ट असूनही खेळ लागला तर किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची बेअरिंग गेली. खड्ड्यातून निघाल्यावर स्टेअरिंग थडथडतं ते बहुतेक याच कारणाने. इथे पैसे वाचवू नका.

पत्रा. आपली काळी माती स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरमागे आणि बॉडीच्या माउंटिंगखाली अडकते, पावसाळाभर ओल धरून बसते, म्हणून वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून सडलेली निघते. हातोडीने ठोकत जा, आवाज बद्द आला तिथे खुणा करा. आणि गाडी सँडब्लास्टिंगला, वेल्डिंगला देण्याआधी पुन्हा चेसिस नंबर! त्यावर ग्रीस लावा, वरून पत्र्याची पट्टी बांधा, वेल्डर काम करत असताना स्वतः उभे राहा. तोंडी सांगून भागत नाही. पेंटरलाही तेच सांगायचं: नंबरवर लांबी (पुट्टी) नाही, रंगाचा जाड थर नाही. रंगाचं काम दिवाळीनंतर काढा.

बाकीचं भराभर. वायरिंग पूर्ण नवीन. ब्रेकचे रबर सगळे. टायर चारही एका मापाचे. वरचं कापडी हूड आणि सीट पैसे उरले तर. आरटीओ पासिंगच्या आदल्या दिवशी नंबर थिनरने पुसून वाचता येतो का बघा. विमा, पीयूसी. तोरणमाळचा घाट लगेच नको. आधी सपाट रस्त्यावर तासभर चालवा, उतरून चारही हबना हात लावा, एखादा जास्त तापला असेल तर गाडी परत गॅरेजला.