किनाऱ्यावरच्या पाखराची नवीन ऊ : वर्णन लिहायला बसायच्या आधी

ऑक्टोबर लागला की कोकण किनाऱ्यावर आक्षी, आंजर्ले, भाट्ये सगळीकडे चिखल्या, टिलवे, तुतवार यांचे थवे उतरायला लागतात आणि मग कुणीतरी विचारतंच, मेलेल्या चिखल्यावर उवा मिळाल्यात, वेगळ्याच दिसतायत, नवीन जात असेल का. असू शकते, नक्की असू शकते. पण निम्मं काम पाखरू हातात असतानाच झालेलं असावं लागतं, तिथे राहिलेलं नंतर कितीही भारी मायक्रोस्कोप आणलात तरी भरून निघत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो मेलेल्या पाखरालाही लागू होतो, त्यामुळे वनविभागाचं पत्र हातात नसेल तर पाखरू उचलायचं नाही, फोटो काढा आणि कळवा. जिवंत पाखराला तर रिंगिंगचं (पायात नंबराची कडी घालण्याचं) ट्रेनिंग आणि परवाना असलेल्या माणसांबरोबरच हात लावायचा. ग्लोव्ह्ज, मास्क घ्या, आणि एकाच ठिकाणी बरीच पाखरं मरून पडलेली दिसली तर उवांचा विचार सोडून पशुसंवर्धन खात्याला कळवा, बर्ड फ्लू असू शकतो.

आता पिशव्या. भरपूर न्या, प्रत्येक पाखराला नवी झिपलॉक पिशवी आणि ती लगेच बंद, कारण पाखरू थंड पडायला लागलं की उवा त्याला सोडून निघतात आणि शेजारच्या पाखरावर चढतात. माझ्याकडे एक ट्यूब आहे, भाट्याला एका सकाळी घाईत टिलवा आणि चिखल्या एकाच पिशवीत घातले, उवा सुंदर आहेत पण कुठली कुणावरची ते आता सांगता येत नाही, त्यामुळे त्यांचं काहीच करता आलेलं नाही. या उवा आयुष्यभर पाखरावरच राहतात, बहुतेक पिसं खाऊनच जगतात, म्हणून यजमान, म्हणजे ऊ ज्या पाखरावर राहते ते, कोण हेच वर्णनातलं सगळ्यात मोठं वाक्य असतं. पाखराचे फोटो काढा, चोच, पाय, पंख उघडून, आणि एखादं पीस किंवा स्नायूचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा. ज्याला आपण इतकी वर्षं छोटा वाळू-चिखल्या म्हणायचो त्याच्या अलीकडे दोन जाती केल्यात, पुराव्याला काही ठेवलं नसेल तर तुमच्या उवेचा यजमान यातला नेमका कोण हे कोण सांगणार?

शोधताना अख्खं पाखरू बघा. या पाखरांवरच्या उवांचे तीन गट लक्षात ठेवा : क्वाड्रासेप्स सडपातळ असते, पंखाच्या पिसांच्या फटीत बसते, सेमुंडसोनिया जाडगेली, ती डोक्या-मानेवर जिथे चोच पोचत नाही तिथे, आणि ॲक्टॉर्निथोफिलस काही वेळा पिसाच्या नळीच्या आतच राहते, कोरल या लांब वाकड्या चोचीच्या पाखराच्या मोठ्या पिसांची नळी उजेडात धरून बघाच. मेलेलं पाखरू भांडी घासायच्या लिक्विडच्या पाण्यात बरणीत हलवून धुवायचं आणि पाणी बारीक जाळीतून गाळायचं, सगळ्यात जास्त उवा अशाच मिळतात. जिवंत पाखरावर पायरेथ्रम पावडर, डोळे सांभाळून, खाली पांढरा कागद. मिळालेल्या सगळ्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, आणि लेबल ट्यूबच्या आत, पेन्सिलीने लिहिलेलं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तारीख, जागा, यजमान सगळं धुऊन जातं.

नर किती आहेत ते मोजा. दीड-दोन मिलिमीटरचा जीव, जाती ओळखायच्या त्या बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियावरून, मग डोक्याचा आकार आणि कुठे किती केस आहेत त्यावरून. नुसत्या माद्या आणि पिल्लं असतील तर थांबा, पुढच्या हंगामात परत जा, एवढं थांबायला जमलं पाहिजे. डीएनए काढायचा असेल तर स्लाइड करायच्या आधी, कातडी शाबूत राहील अशा पद्धतीने, म्हणजे जिचा डीएनए काढला तीच ऊ नंतर स्लाइडवर येते.

स्लाइडची पद्धत जुनीच चांगली : पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साधारण दिवसभर, मग पाणी, मग चढत्या क्रमाने अल्कोहोल, मग लवंगेचं तेल आणि शेवटी कॅनडा बाल्सम, म्हणजे ऊ काचेवर कायमची बसवायचा झाडाचा चीक. बाल्सम ओव्हनमध्ये सुकायला काही आठवडे जातात आणि आपल्या दमट हवेत ओव्हन नसेल तर सुकतच नाही, बुरशी धरते ती वेगळी, म्हणून सिलिका जेल आणि स्लाइड आडव्याच.

मग वाचन, आणि इथे घाई नको. पाखरांवरच्या उवांची २००३ ची जागतिक यादी हाताशी हवी, त्यानंतरचे पेपर हवेत, आणि फक्त त्याच पाखराच्या उवा नाही तर जवळच्या सगळ्या पाखरांच्या बघा. किनाऱ्यावर भरतीच्या वेळी पाच-सहा जाती खेटून बसतात, उवा इकडून तिकडे जात असणार, तेव्हा नवीन पाखरावर मिळाली म्हणून ऊ नवीन ठरत नाही. जुन्या लेबलांवरही आंधळा विश्वास नको. क्वाड्रासेप्स हे नाव १९३९ साली उवांच्या ब्रिटिश अभ्यासक थेरेसा क्ले आणि पक्षी गोळा करणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी दिलं, क्लेबाईंचं काम आजही पायाभूत आहे, पण माइनर्ट्झहागेन यांच्या पाखरांच्या संग्रहात चोरलेले नमुने आणि खोटी लेबलं निघाली, म्हणून शक्य तिथे मूळ स्लाइडच मागवून किंवा फोटो मागवून बघा.

नाव ठरवताना लॅटिन व्याकरणातलं लिंग गटाच्या नावाशी जुळतंय का तपासा, स्वतःचं नाव द्यायचं नाही. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वर्णन कुठल्याही भाषेत चालतं, अगदी मराठीतही, नाव तेवढं लॅटिन लिपीत लागतं. इतर जातींपासूनचा फरक शब्दांत लिहिलेला हवा, होलोटाइप (नाव ज्याच्यावर बांधलं जातं तो एकच नमुना) कुठला आणि तो कुठे ठेवलाय हे स्पष्ट हवं, आणि पेपर फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद आधी करून तो नंबर पेपरात टाका, नाहीतर नावच ग्राह्य धरत नाहीत.

होलोटाइप घरी ठेवायचा नाही. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवीन जात सापडली की नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. आपल्याला जवळ म्हणजे पुण्यातलं झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र, त्यांच्याशी पेपर पाठवायच्या आधीच बोलून नोंदणी नंबर घ्या, आणि पॅराटाइप (वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने) जास्त असतील तर थोडे दुसऱ्या संग्रहालयातही द्या.