कोळिणीचं घर आणि तिची पाण्याची बशी

लेकाने हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी टॅरंटुला आणली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो कॉलेजला निघून गेला. कोळीण राहिली आमच्या मिशिगनच्या घरात, माझ्या गळ्यात. अंगभर कुरळे सोनेरी-तपकिरी केस, म्हणून तिचं नाव झिप्री. जात ‘कर्ली हेअर’, शास्त्रीय नाव ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, माहेर मध्य अमेरिकेत, होंडुरास-निकाराग्वा-कोस्टा रिकाकडच्या जंगलांत. मादी वीस वर्षंही जगू शकते, ही माहिती चिरंजीवांनी निघताना विमानतळावर दिली.

दुकानदाराने तिच्यासोबत बरंच सामान विकलं होतं. उंच काचेची टाकी, जाळीचं झाकण, विजेवर तापणारा दगड, पाण्याच्या बशीत ठेवायचा स्पंज, आर्द्रता मोजायचं यंत्र. सहा महिन्यांत यातलं एकेक करत सगळं घराबाहेर गेलं. यंत्र तेवढं ड्रॉवरमध्ये आहे, तेही बॅटरी काढून. त्याजागी काय आलं ते क्रमाने सांगते.

1. आधी कोळी मोजा, मग डबा घ्या

टॅरंटुलाचं माप म्हणजे पायांचा फैलाव: एका बाजूच्या पुढच्या पायाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत, तिरकं. हातात घेऊन मोजायची गरज नाही. ती काचेवर चढली की बाहेरून पट्टी लावायची.

जमिनीवर राहणाऱ्या जातीसाठी डब्याची लांबी या मापाच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. झिप्री 12 सेंटिमीटर, म्हणून तिचा डबा 36 बाय 24. यापेक्षा मोठा बंगला दिला तर ती कोपऱ्यात बसून राहते आणि उरलेली जागा आपण साफ करत बसतो.

उंचीच्या बाबतीत मात्र हयगय नको. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या फैलावाच्या दीडपटीहून जास्त नको. हे कोळी काचेवर चढतात, पण चढण्यात तरबेज नसतात. त्यांचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी. फूटभरावरून पाणवाटीच्या काठावर पडलं तर ते फाटतं, आणि फाटलं की बहुधा कोळी जातो. दुकानदाराच्या उंच टाकीत झिप्री पहिल्याच रात्री छताला लटकली होती. मी तिच्याखाली उशी धरून उभी होते. रात्री दीडला. उशी धरून.

झाडावर राहणाऱ्या जाती, म्हणजे पिंकटो वगैरे, यांचं गणित उलटं: उंची जास्त, आणि एक झाडाची साल उभी टेकवून ठेवायची. या लेखात मी जमिनीवरच्यांबद्दलच बोलतेय, कारण नवख्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

2. झाकण आणि भोकं

जाळीचं झाकण नको. कोळ्याच्या पायांच्या टोकांना बारीक नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि तो उलटा लटकून राहतो. सुटायच्या धडपडीत पाय तुटतो. अॅक्रिलिकचं सपाट झाकण घ्या, आणि कडी किंवा क्लिप असलेलंच घ्या. नुसतं वर ठेवलेलं झाकण टॅरंटुला आरामात उचलते.

हवा झाकणातून नाही, बाजूंनी खेळली पाहिजे. समोरासमोरच्या दोन भिंतींना बारीक भोकांच्या ओळी पाडायच्या, एका बाजूला थोड्या खाली, दुसऱ्या बाजूला वर. प्लास्टिकचा डबा असेल तर सोल्डरिंग गनने दहा मिनिटांचं काम. मोठ्या कोळ्यासाठी 3 मिलिमीटरची भोकं चालतात. पिल्लासाठी सुईएवढीच.

3. माती

आपलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा चुरा, उत्तम. नर्सरीत मिळणारी 650 ग्रॅमची वीट बादलीत घालून साधारण चार लिटर पाणी ओतायचं. तासाभरात फुगून आठ-नऊ लिटर होते. 36 बाय 24 च्या डब्यात 10 सेंटिमीटर थर द्यायला बरोबर तेवढीच लागते. खत मिसळलेली माती, वाळू, खडी, लाकडाचा भुसा यांपैकी काही नको. देवदाराचा भुसा तर मुळीच नको, त्याच्या तेलाची वाफ कोळ्यांना बाधते.

फुगलेलं कोकोपीट जुन्या सुती कापडात घालून चक्क्यासारखं पिळायचं. मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. मग डब्यात दाबून भरायचं, अगदी तळव्याने थापून. भुसभुशीत मातीत बीळ ढासळतं. भरून झालं की दोन-तीन दिवस उघडं ठेवून वरचा थर कोरडा होऊ द्यायचा, आणि मगच कोळी आत सोडायचा. ओल्या मातीवर सोडलेली झिप्री चार दिवस भिंतीला चिकटून होती. तिला पाय भिजलेले आवडत नाहीत, आणि आम्हाला वाटत होतं घर आवडलं नाही.

लपायला अर्धी करवंटी. दुकानात यासाठी कॉर्कची साल विकतात, तीही छान असते. पण भारतीय दुकानातल्या नारळाची करवंटी कडेला थोडी कोरून मातीत अर्धी रुतवली तर तेच काम होतं. खाली अंगठ्याने एक खळगा करून द्यायचा. पुढचं बीळ ती स्वतः खणते.

4. पाणी

इथे थोडं थांबते, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

कोळ्याचे पाय स्नायूंनी आखडतात, पण पायाचे मुख्य सांधे सरळ होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. पाणी कमी पडलं की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुडपायला लागतात. म्हणजे तहानेचा परिणाम थेट चालण्यावर. पोट सुरकुतलेलं दिसणं ही त्याआधीची खूण. खाणं महिनोन्महिने नसलं तरी मोठी टॅरंटुला निभावून नेते, पाण्याचं तसं नाही.

आता बहुतेक लोक काय करतात? मापक आणून ‘70 टक्के आर्द्रता हवी’ म्हणून रोज फवारा मारतात. हवा बंद, माती चिकचिकीत, आठवड्यात बुरशी. कोळ्याच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारखी फुप्फुसं असतात, टॅरंटुलाला अशा दोन जोड्या. कोंदट, ओली जागा त्यांना मानवत नाही. मोठ्या कोळ्याच्या अंगावर मेणचट थर असतो, तो आतलं पाणी सहज उडू देत नाही. तिला हवेतून पाणी नको, बशीतून हवं. आमच्याकडे जानेवारीत हीटर चालू असतो, ओठ फुटतात इतकी हवा कोरडी. झिप्रीची बशी भरलेली असते, आणि झिप्री मजेत असते.

बशी कशी? उथळ, जड, काठ गुळगुळीत, रुंदी साधारण कोळ्याच्या पाय वगळून असलेल्या अंगाएवढी किंवा थोडी मोठी. कोळी त्यात बुडेल ही भीती सोडा. अंगावरचे केस पाण्याला दूर ठेवतात. स्पंज तर टाकूनच द्या. त्यातून कोळी पाणी शोषतो हा गैरसमज आहे, आणि दोन दिवसांत तो वास मारतो. मी सुरुवातीला दिवाळीची पणती ठेवली होती. दिसायला सुंदर, पण रात्रीतून कोरडी ठणठणीत, कारण झिलई नसलेली माती सगळं पाणी पिऊन बाजूच्या कोकोपीटला देते. आता लोणच्यासाठी घेतलेली चिनी मातीची छोटी बशी आहे.

ती पाणी पिताना एकदा तरी बघा. बशीच्या काठावर छाती टेकते, पुढचे पाय पलीकडच्या काठावर पसरते आणि विषदंतांच्या मधला भाग पाण्यात बुडवून अगदी स्तब्ध होते. पाच मिनिटं, कधी वीस. मागून पाहिलं तर वाटतं तोंड धुताना झोप लागली.

नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा वास फार येत असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं वापरावं. आठवड्यातून दोनदा बदलायचं. त्यात मेलेला रातकिडा दिसला तर त्याच दिवशी. बशी गरम पाण्याने घासायची, साबण नाही.

आणि ती बशी मातीने बुजवते, त्याचं काय? या जातीला खणायचा भारी सोस. झिप्री दर दोन-तीन दिवसांनी बिळातली माती तोंडात धरून आणते आणि नेमकी बशीत टाकते. वर्षभर मला वाटत होतं हा निषेध आहे. उपाय साधा निघाला: बशी करवंटीच्या दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, एका सपाट दगडावर, मातीहून बोटभर उंच. तरी कधीकधी भरतेच. म्हणून बशीच्या बरोबर वर झाकणाला एक भोक पाडून ठेवलंय. सुई काढलेल्या सिरिंजला माशांच्या टाकीची नळी जोडायची आणि वरून पाणी सोडायचं. झाकण उघडायचं कामच नाही.

मातीला ओल हवीच, पण खालून. बशीच्या मागच्या कोपऱ्यात एक जाड स्ट्रॉ तळापर्यंत खोचून ठेवा आणि महिन्यातून एक-दोनदा त्यातून अर्धी वाटी पाणी सोडा. वर कोरडं, तळाला ओलसर, बिळात तिला हवा तो थर तिने निवडावा.

पिल्लांचं वेगळं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या पिल्लाच्या अंगावर तो मेणचट थर पुरेसा नसतो, ते पटकन सुकतं. केमिस्टकडे लघवीच्या तपासणीसाठी मिळते तसली कोरी डबी घ्या, अर्ध्याहून जास्त माती भरा, माती कायम किंचित ओलसर ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंतीवर एक-दोन थेंब सोडा. थेंब पिल्लाच्या अंगावर नको. ते अडीच-तीन सेंटिमीटरचं झालं की बाटलीचं झाकण ही पहिली बशी.

आणि पाय मुडपून निपचित पडलेला कोळी दिसलाच तर? हळूच चमच्याने सरकवून त्याचा पुढचा भाग बशीच्या काठावर टेकवा, तोंड पाण्यात राहील असा. पोट पाण्याबाहेर. काही तासांत पाय उलगडताना मी पाहिलेत. पण पाठीवर उताणी पडलेली टॅरंटुला मेलेली नसते, ती कात टाकत असते. तिला शिवायचंही नाही. जिवंत रातकिडा आत असेल तर तेवढा काढून घ्या, कारण कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला तोच कुरतडतो. बशी भरलेली असू द्या.

5. डबा कुठे ठेवावा

ऊन येईल तिथे नाही, टीव्हीवर नाही. 21 ते 27 अंश तिला पुरेत, म्हणजे जिथे आपण स्वेटरशिवाय बसतो तिथे ती बसेल. तापणारा दगड किंवा डब्याखालची हीटिंग मॅट धोक्याची आहे. उकाडा झाला की कोळी खाली खणतो, आणि खालीच तर हीटर! खोली गरम करा, डबा नको.

महाराष्ट्रात पाळत असाल तर काळजी उलटी घ्यावी लागेल. पावसाळ्यात हवेतच इतकी ओल की स्ट्रॉमधलं पाणी पूर्ण बंद, फक्त बशी. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाणी भरलेल्या परातीत, विटेवर ठेवा. मुंग्यांचा खडू, डासांची अगरबत्ती, लिक्विडचं मशीन, झुरळांचा फवारा यांपैकी काहीही त्या खोलीत नको. ही सगळी कीटकनाशकं आहेत आणि कोळ्याला मारायला त्यांना जास्त वेळ लागत नाही. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी डबा शेजाऱ्यांकडे.

कायद्याचंही बघा. साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) नोंदलेल्या परदेशी जाती भारतात बाळगायच्या तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे, त्याचे नियम 2024 मध्ये आले. लाल गुडघ्यांची मेक्सिकन रेडनी टॅरंटुला ही त्यांतलीच एक. आणि सह्याद्रीतले किंवा आंध्रातल्या गुटीच्या नावाने ओळखले जाणारे ते निळे कोळी पकडून आणायचे नाहीत, विकतही घ्यायचे नाहीत. ती पोसिलोथेरिया प्रजाती 2019 पासून साइट्सच्या यादीत आहे. शिवाय आशियातले कोळी चपळ आणि जास्त विषारी असतात.

6. साफसफाई

खाल्लेल्या रातकिड्याचा चोथा दुसऱ्या दिवशी लांब चिमट्याने काढायचा. बस. पूर्ण माती दरवर्षी बदलायची गरज नसते, बुरशी किंवा किडे झाले तरच. हात घालताना हातमोजे आणि चष्मा. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुला पोटावरचे बारीक केस मागच्या पायांनी झाडतात. अंगाला लागले तर खाज, डोळ्यात गेले तर महिनोन्महिने त्रास. लीड्समधल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये अशा एका माणसाची हकिगत प्रसिद्ध केली होती. काचेवरचा डाग पुसत असताना त्याच्या कोळ्याने केसांचा झोत सोडला आणि केस थेट बुबुळाच्या पडद्यात रुतले.

सासूबाई मागच्या वर्षी आल्या तेव्हा आठवडाभर त्या खोलीत गेल्या नाहीत. मग एका सकाळी म्हणाल्या, “अगं, त्या बयेची वाटी कोरडी दिसतेय.” तेव्हापासून सिरिंज त्यांच्या ताब्यात होती.

आम्ही तीन आठवडे पुण्याला जातो तेव्हा झिप्रीसाठी कुणाला बोलावत नाही. निघायच्या दोन दिवस आधी एक रातकिडा, चोथा काढला, स्ट्रॉमधून वाटीभर पाणी, आणि एकाऐवजी दोन बशा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एक ती मातीने बुजवते. दुसरी परत येईपर्यंत पुरते.