राख वेगळी, शेणखत वेगळं: पेरणीआधीचं थोडं

रोहिणी लागायच्या आत उकिरडे उपसायची लगबग सध्या नाशिक जिल्ह्यात निफाडपासून सुरगाण्यापर्यंत सगळीकडे आहे. त्याआधी एक कळकळीची विनंती: चुलीची राख आणि शेणखत एका ढिगात टाकू नका.

आमच्या घरी वर्षानुवर्षे रोजची राख उकिरड्यावरच जायची. एकदा बंबाची दोन घमेली राख ओल्या शेणात कालवली, तर नाकात झिणझिण्या आल्या आणि डोळे चुरचुरले. तो अमोनियाचा वास होता. राखेचा सामू (pH) फार चढा असतो, म्हणजे ती अल्कधर्मी असते, त्यामुळे शेण-मुतातलं नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातं. युरियात राख मिसळली तरी हेच होतं. म्हणून राख चाळून, कोरड्या गोणीत, आडोशाला ठेवा. पावसात भिजली की पालाश (पोटॅश) धुऊन जातो आणि मागे नुसता चुना राहतो.

राखेत नत्र जवळजवळ नसतंच. पालाश आणि चुना हीच तिची ताकद, म्हणून जमीन बघूनच ती टाकावी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या भरपूर पावसाच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला राख मानवते. तिकडे भात-नागलीच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात, त्यात तण मरतं आणि राखही मिळते. रोपवाटिकेत गुंठ्याला 5 ते 7 किलो राख, बी टाकायच्या दोन-तीन आठवडे आधी, वारा पडलेला असताना पसरून मातीत मिसळा. बियाला किंवा कोवळ्या रोपाच्या बुडाशी ती लागू देऊ नका.

निफाड, येवला, चांदवडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात मात्र राख नको. तिथे सामू आधीच चढा असतो आणि द्राक्षाची कोवळी पानं लोहाअभावी पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. राख टाकली तर ते दुखणं वाढेल. माती तपासून घ्या, सामू 7.5 च्या वर असेल तर राख विसराच.

शेणखत कुजलंय का, हे ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी दोन्ही शेतात येतात. कोंबडीखत तर कुजवल्याशिवाय पिकाला देऊच नका, मुळं करपतात. कांद्याला एकरी 8 ते 10 टन शेणखत सांगतात, पण बैल गेल्यावर एवढं खत कुणाच्या गोठ्यात निघतं? जेवढं असेल तेवढं आधी रोपाच्या वाफ्यांना द्या.

आणि शेतात छोटे ढीग मारून पंधरा-पंधरा दिवस उन्हात ठेवू नका, नत्र उडतं. ज्या दिवशी पसराल, त्याच दिवशी वखराने मातीत घाला. विकतची ट्रॉली घेताना वर चढून तळातलं खत उपसून बघा, वरचा काळा थर बघून पैसे देऊ नका.