“मी ओढत नाही” एवढ्यावर थांबू नका: घरातला धूर, गर्भाशयाचं तोंड आणि आपण काय करायचं

पॅप टेस्टला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात त्या टेस्टला, गेले होते तेव्हा नर्सने फॉर्म भरताना विचारलं, सिगारेट, तंबाखू काही? मी म्हटलं नाही. तिने टिक केली आणि पुढचा प्रश्न, मुलं किती. दोन सेकंदात विषय संपला. आणि घरी माझा नवरा रोज रात्री जेवण झालं की हॉलच्या खिडकीत उभा राहून दोन सिगारेटी ओढायचा, मी तिथेच सोफ्यावर बसलेली असायचे, अशी अकरा वर्षं गेली. पुढे रिपोर्टमध्ये पेशींत थोडा बदल दिसतोय असं आलं तेव्हा डॉक्टर बाईंनी विचारलं, “घरात कोणी ओढतं का?” तोपर्यंत धूर म्हणजे फुप्फुसं आणि खोकला एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तर पहिलं काम हे, फॉर्मवर विचारलेलं नसलं तरी आपणहून सांगायचं. मी ओढत नाही पण घरात ओढतात, कोण, किती, किती वर्षं, घरात की बाहेर. लाजायचं काही कारण नाही.

आता धुराचा तिथे काय संबंध, हे समजून घेऊ, कारण हे कळल्याशिवाय घरात कोणाला पटवता येत नाही. श्वासातून आत गेलेला धूर फुप्फुसात थांबत नाही, त्यातली रसायनं रक्तात उतरतात आणि रक्त सगळीकडे फिरतं. गर्भाशयाच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो त्यात निकोटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं कोटिनिन सापडलेलं आहे, ओढणाऱ्या बायकांमध्ये अर्थातच जास्त, पण स्वतः कधीच न ओढलेल्या, नुसत्या दुसऱ्याच्या धुरात वावरणाऱ्या बायकांमध्येसुद्धा. मला हे वाचून धक्का बसला होता. तंबाखूच्या धुरात ७००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली ७० च्या आसपास कॅन्सर करणारी.

पण मूळ कारण धूर नाही, मूळ कारण एचपीव्ही नावाचा व्हायरस. गर्भाशयमुखाचे जवळजवळ सगळे कॅन्सर याच्यामुळे होतात आणि त्यातले सुमारे ७० टक्के फक्त १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांमुळे. हा व्हायरस संबंधांतून येतो आणि आयुष्यात कधी ना कधी बहुतेक सगळ्यांनाच गाठतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये एचपीव्ही आला म्हणून नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घेऊन घरात आग लावू नका, तो आला कधी हे सहसा कोणी सांगू शकत नाही, वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. बहुतेक वेळा शरीर त्याला एक-दोन वर्षांत स्वतःच हाकलून देतं. प्रश्न येतो तो हाकलला गेला नाही तर, आणि इथे धूर मध्ये येतो. ओढणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाजवळच्या पहारा देणाऱ्या पेशी कमी झालेल्या दिसतात, म्हणजे व्हायरसला तिथे टिकून राहणं सोपं जातं, शिवाय धुरातली रसायनं पेशींच्या डीएनएला इजा करतात ते वेगळंच.

स्वतः सिगारेट ओढण्याने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे पक्कं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये तसं जाहीर केलंय. दुसऱ्याच्या धुराने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हेही पक्कं. दुसऱ्याच्या धुराने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय पण तो पुरावा अजून तितका घट्ट नाही. त्यामुळे माझ्या रिपोर्टला नवऱ्याची सिगारेट जबाबदार असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही घरी तसं म्हणू नका. पण रसायनं तिथपर्यंत पोचतात हे माहीत असताना पुरावा घट्ट व्हायची वाट बघत त्या धुरात बसून राहायचं, हे मला पटत नाही.

मग घरात काय करायचं? अर्धवट उपाय करू नका, आम्ही ते सगळे करून बसलोय. खिडकीत उभं राहून ओढणं, एक्झॉस्ट लावणं, दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावणं, रूम फ्रेशनर मारणं, यातल्या कशानेही धूर पूर्ण जात नाही, खिडकीतून वारा आत आला की धूर आतच येतो आणि दिसेनासा झाला तरी त्याचे बारीक कण हवेत बराच वेळ असतात. एअर प्युरिफायरने वास कमी होतो म्हणून आपली समजूत होते की झालं साफ. धुराचं अमुक इतकं प्रमाण चालतं अशी सुरक्षित मर्यादाच नाही. त्यामुळे नियम एकच, घरात आणि गाडीत नाही म्हणजे नाही, पाहुणा असला तरी नाही, पाऊस असला तरी नाही. गाडीचं विशेष सांगते, एवढ्याशा जागेत काच खाली केली तरी धूर भरतोच. बाल्कनीत ओढत असतील तर दार घट्ट लावून, आणि आत आल्यावर शर्ट बदलून हात धुवायचे.

हे सांगायचं कसं, यावरच गाडी अडते. मी भांडणात सांगितलं तेव्हा काही झालं नाही, उलट दोन जास्त ओढल्या गेल्या. मग एकदा शांतपणे रिपोर्ट समोर ठेवला आणि म्हटलं, “अहो, सोडा असं मी आत्ता म्हणत नाहीये, पण घरात नको, एवढं माझ्यासाठी करा.” त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि ॲशट्रे उचलून स्वतःच बाहेर टाकून आले. ओढणारे सासरे किंवा वडील असतील तर सुनेने एकटीने अंगावर घेऊ नये असं मला वाटतं, मुलाने बोलावं किंवा डॉक्टरांकडून सांगायला लावावं, डॉक्टरांचं ऐकतात. आणि सोडायची तयारी दिसली तर निकोटिनचे पॅच, गम, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, याची मदत होते, नुसत्या निश्चयावर सोडू नका त्यांना. पहिल्यांदा जमलं नाही तर टोमणे नकोत, बऱ्याच जणांना चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागतो.

नंतर एक दिवस साफसफाई करा. मी त्या खिडकीशेजारची भिंत साबणाच्या पाण्याने पुसली तर पांढरं फडकं चहाच्या रंगाचं झालं, पडदे भिजवले ते पाणी पिवळं. हे सगळं आपल्या श्वासातूनच गेलं असणार ना. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं सगळं धुवून घ्या, धुराचा थर कापडात बसून राहतो.

आता टेस्ट, कारण धूर बंद केला म्हणून टेस्ट चुकवून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे ३० वर्षांपासून तपासणी सांगते, एचपीव्ही टेस्ट असेल तर दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असेल तर २५ पासून आणि जास्त वेळा. पॅप असेल तर अंतर कमी असतं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पाळी चालू असताना जाऊ नका, आदल्या दोन दिवसांत संबंध, आतून लावायचं क्रीम, आतून धुणं हे टाळा. दुखत फारसं नाही, पाच मिनिटांचं काम, लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागून घ्या, आणि एचपीव्ही टेस्टचा नमुना काही ठिकाणी स्वतःचा स्वतःला घेता येतो तेही विचारून बघा.

मुलगी ९ ते १४ वयाची असेल तर एचपीव्हीची लस, यात विचार करत बसायचं नाही. लस घेतलेल्यांनीसुद्धा पुढे वयात तपासणी करायचीच.

संबंधांनंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणं, अंगावरून वास येणारं जाणं, यातलं काही असेल तर पुढच्या टेस्टची तारीख बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

रिपोर्टमध्ये बदल आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. साधारणपणे कॅन्सर व्हायला १५ ते २० वर्षं लागतात आणि मधल्या काळात पकडला की इलाज सोपा असतो. मला कॉल्पोस्कोपी सांगितली, म्हणजे भिंगातून बघतात, व्हिनेगरसारखं पाणी लावतात आणि बदललेला भाग पांढरा दिसतो. बदल किरकोळ होता, परत तपासायची तारीख मिळाली. ती तारीख क्लिनिकमधून निघायच्या आधीच दोघांच्या फोनमध्ये अलार्म लावून टाका, कारण घरच्या धबडग्यात आपलीच तारीख आपण सगळ्यात आधी विसरतो. माझा अलार्म वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि त्यांचा हॉलमध्ये वाजला, तेच आधी म्हणाले, चल, मीही येतो.