विज्ञानाच्या तासाला गटकार्य का फसतं? या चुका टाळा

चार मुलांपुढे एक सेल, एक बल्ब आणि वायरचे दोन तुकडे ठेवून "मिळून करा" म्हटलं की काय होतं ते बघा. एक जण वायर ताब्यात घेतो, दुसरी सूचना देते, उरलेले दोघं बल्ब लागायची वाट बघतात. बल्ब लागला की टाळ्या चौघंही वाजवतात, शिकतो मात्र एखादाच. एकत्र बसवलं म्हणजे सहकारी अध्ययन, म्हणजे एकमेकांच्या मदतीने शिकणं, झालं असं समजणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

इथे मुलांना रागावून उपयोग नाही, कामाची मांडणी बदलावी लागते. साहित्य वाटण्याआधी प्रत्येकाने आपापल्या वहीत जोडणीची आकृती काढावी. मग चारही आकृत्या मध्ये ठेवायच्या आणि ज्याची त्याने आपली जोडणी करून बघायची. बरीच मुलं सेलपासून बल्बपर्यंत एकच वायर काढतात. ती आकृती खोडायला लावू नका. "हिच्यात बल्ब का लागला नाही?" यावर गटात जे बोलणं होतं, तेच खरं विज्ञान. (सेल साधा १.५ व्होल्टचाच घ्या. त्याची दोन्ही टोकं वायरने थेट जोडली गेली तर वायर तापते, ती लगेच सोडायला सांगा.)

अक्षर चांगलं म्हणून नोंदी दर वेळी एकाच मुलीकडे देऊ नका, जबाबदाऱ्या फिरत्या ठेवा. गटाला सरसकट सारखे गुण देणंही टाळा. त्याऐवजी गटातल्या मुलांना १ ते ४ क्रमांक द्या आणि चर्चा संपल्यावर आयत्या वेळी एक क्रमांक पुकारा. कोणाला उत्तर द्यावं लागेल हे माहीत नसलं, की गट आपल्या अबोल मुलालाही समजावून सांगू लागतो.

जिगसॉ पद्धतीत धड्याचे भाग गटातल्या मुलांत वाटतात आणि प्रत्येक मूल आपला भाग गटाला शिकवतं. ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी तयार केली. ती वापरताना मधला टप्पा हमखास गाळला जातो. मूळ, खोड, पान, फूल असे भाग वाटून दिले की 'मूळ' मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो भाग समजून घ्यायला हवीत, मग आपापल्या गटात परतायला हवीत. तसं झालं नाही, तर वाचनात मागे असलेलं मूल आपल्या गटापुढे एकटं पडतं.

आणि गोंगाट? लगेच "गप्प बसा" म्हणू नका. आधी दोन मिनिटं एका गटाजवळ उभं राहून ऐका. वाद बल्बवरून चालला असेल, तर चालू द्या.