चेंबूरच्या गोल्फ क्लबात पहिल्यांदा पाहुणा म्हणून जाताय? मग हे वाचून जा

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, १८ होलचा. प्रायव्हेट आहे, म्हणजे ओळखीतला कोणी मेंबर असेल आणि त्याने बोलावलं तरच सहसा खेळायला मिळतं. बोलावणं आलं की आधी कपड्यांचं विचारून घ्या, जुन्या क्लबात जीन्स आणि बिनकॉलरचा टीशर्ट सहसा चालत नाही. मोबाईल सायलेंट.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही वाईट खेळलात तर कुणाला काही पडलेली नसते, सगळेच कधीतरी वाईट खेळलेत. राग येतो तो दोनच गोष्टींचा, एक म्हणजे वेळ घालवणं आणि दुसरं गवताची वाट लावणं.

चौघांना १८ होल खेळायला चार-साडेचार तास लागतात, त्यामुळे आपली पाळी यायच्या आधीच कुठली स्टिक घ्यायची ते ठरवून ठेवा (बॅगेत जास्तीत जास्त १४ चालतात, नवख्याला सात पुरे). बॉल झाडीत गेला तर शोधायला ३ मिनिटंच, २०१९ च्या आधी ५ होती. हरवेल असं वाटलं तर पुढे जायच्या आधीच "प्रोव्हिजनल खेळतोय" (म्हणजे पहिला हरवला तर असावा म्हणून राखीव बॉल) असं मोठ्याने सांगून दुसरा बॉल मारा, नाहीतर शोधून सापडला नाही की परत मागे चालत यायचं आणि मागचे चौघे कमरेवर हात ठेवून बघत बसणार. मित्रामित्रांचा गेम असेल तर डबल पार झालं (पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके, त्याच्या दुप्पट झाले) की सरळ बॉल उचला, कशाला लाज. आणि शॉट माणसांच्या दिशेने गेला तर लगेच "फोर!" ओरडा, सॉरी नंतर म्हणा.

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल पडून खड्डा पडतो तो बुजवायचाच. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, मीपण वर्षभर चुकत होतो, टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खाली घालून माती वर उचकटायचो. त्याने मुळं तुटतात आणि तिथे पिवळा डाग पडतो. टी कडेला खोचायची, गवत चारी बाजूंनी मध्याकडे ढकलायचं, मग पटरने (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायची स्टिक) हलकं थापायचं, झालं. दुसऱ्याच्या पटच्या लाईनवर, म्हणजे त्याचा बॉल होलकडे ज्या वाटेने जाणार तिथे, पाय देऊ नका, बॉल आणि होलच्या मधून जायचंच असेल तर ओलांडून जा.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जिथे कड कमी उंच असेल तिथून उतरा, शॉटच्या आधी बॉलमागच्या वाळूला स्टिक टेकवू नका, पेनल्टी बसते. निघताना स्वतःच्या पावलांवर रेक फिरवा.

कॅडीचं, म्हणजे तुमची बॅग घेऊन सोबत चालणाऱ्याचं, ऐका. ग्रीनचा उतार तुम्हाला डावीकडे दिसतो आणि तो म्हणतो उजवीकडे, तर उजवीकडेच, तो रोज तिथे चालतोय.

कॅडीचे पैसे कॅशमध्ये सुटे ठेवा, किती द्यायचे ते मित्रालाच विचारा. नंतर चहा-सँडविचचं बिल बऱ्याच जुन्या क्लबात मेंबरच्याच खात्यावर जातं, पाहुण्याचे पैसे घेतच नाहीत, त्यामुळे काउंटरवर पाकीट काढून हट्ट करत बसू नका, मित्राला गाडीत बसल्यावर जीपे करा.